सोन्याची मोजदाद आणि माणसांची

कोकणातल्या आपल्या गावांत असे घर विरळाच, ज्यातला कुणीही कधी बोटीवर गेला नाही. रत्नागिरीपासून हबसाणापर्यंत खाडीकाठच्या मोहल्ल्यांत पुरुषमाणसाविषयी विचारले की ठरलेले उत्तर येई, "ते बोटीवर असतात." मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर डेकची कामे मुख्यतः कोकणी मुसलमान करत. खालच्या भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण असत, तर खानपानाच्या कामाला गोव्याची माणसे. डोंगरी, मांडवी, माझगाव या भागांत गावोगावच्या जमातींच्या खोल्या होत्या. दोन सफरींच्या मधल्या दिवसांत खलाशी तिथे ट्रंक ठेवून पथारी पसरत. गोदी तिथून चालण्याच्या अंतरावर होती.

याच गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी एक मालवाहू बोट फुटली. तिचे नाव 'फोर्ट स्टिकीन'. मुंबईचा गोदीतला स्फोट सर्वांनी ऐकलेला असतो. १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो, तोही याच घटनेमुळे. पण ही बोट कुठली, कुणाची, ती मुंबईत का आली आणि एवढी दारू पोटात घेऊन भर वस्तीला लागून का उभी राहिली, हे सहसा कुणी सांगत नाही. तिची हयात जेमतेम पावणेदोन वर्षांची. तरी ती तपासून पाहण्याजोगी आहे, कारण हजारो मैलांच्या दर्यात तिला काही झाले नाही आणि बंदरात सुखरूप पोचल्यावर तिने शेकडो माणसे मारली.

दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिक महासागरात ब्रिटनच्या बोटींचा फडशा पाडला. बोटी बुडत होत्या त्या वेगाने नव्या बांधणे ब्रिटनच्या कारखान्यांना शक्य नव्हते. मग अमेरिका आणि कॅनडाकडे काम गेले. कॅनडाच्या गोद्यांमध्ये एकाच नमुन्याच्या बोटी एकामागून एक पाण्यात उतरू लागल्या. नमुना इंग्लंडमधल्या संडरलंडचा, जुना आणि साधा होता. कोळशावर चालणारे वाफेचे इंजिन, ताशी अकरा मैलांच्या आसपास चाल आणि सुमारे दहा हजार टन भार पेलणारे पोट. दिखाऊपणा कसला नाही. लवकर बांधून व्हावी, माल पोचवावा, चार-दोन सफरींत बुडाली तरी खर्च निघावा, एवढाच हिशेब. ब्रिटनकडे दिलेल्या या बोटींना जुन्या व्यापारी ठाण्यांची नावे दिली जात आणि आधी 'फोर्ट' हा शब्द लागे.

फोर्ट स्टिकीन ही त्यांतलीच एक. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर अगदी उत्तरेला, अलास्काच्या सीमेजवळ प्रिन्स रूपर्ट नावाचे बंदर आहे. तिथल्या गोदीत ती बांधली गेली आणि जुलै १९४२ मध्ये पाण्यात उतरली. तिची नोंदणी ७,१४२ टनांची. स्टिकीन नदीच्या मुखाशी, आज जिथे अलास्कातले रँगल गाव आहे, तिथे पूर्वी हडसन्स बे कंपनीचे ठाणे होते. त्याचे नाव तिला मिळाले. पैसा अमेरिकेचा, बांधणी कॅनडाची आणि वापर ब्रिटनचा, अशी उधार-उसनवारीची ही व्यवस्था होती. ब्रिटनच्या युद्धवाहतूक खात्याच्या वतीने पोर्ट लाइन ही कंपनी तिचा कारभार पाहत असे.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड बंदरातून निघाली. कप्तान होते अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ. बोटीत १,३९५ टन दारूगोळा होता. त्यात तोफगोळे, पाणसुरुंग, टॉर्पेडो सगळे आले. यातली २३८ टन स्फोटके 'अ' वर्गातली, म्हणजे सर्वांत नाजूक आणि सर्वांत घातक. सोबत लढाऊ विमाने आणि हवाई दलाचे सामान होते. शिवाय सोने होते. एकतीस लाकडी पेट्या, दर पेटीत चार लगडी, एकूण एकशे चोवीस. त्या काळच्या हिशेबाने किंमत आठ लाख नव्वद हजार पौंड. ही मोजदाद वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

जिब्राल्टर, पोर्ट सैद करत, सुवेझ ओलांडून बोट कराचीला पोचली. तिथे काही माल उतरला आणि पोटात जागा झाली. युद्धाच्या काळात बोटीतली रिकामी जागा म्हणजे गुन्हाच. कराचीला मुंबईकडे जाणारा माल पडून होता. तो भरण्यात आला. कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ, तांदूळ आणि मासळीचे खत. पेटेल असे आणि फुटेल असे सगळेच एका बोटीत आले. कप्तान नेस्मिथ यांना हे पसंत नव्हते आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. पण युद्धात मालाची निवड कप्तानाच्या हाती नसते. दोन नंबरच्या मालकोठीत तळाशी कापसाच्या गाठी रचल्या गेल्या आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर 'अ' वर्गाची स्फोटके राहिली. चुलीवर भांडे ठेवावे तशी ही रचना झाली. फक्त चूल अजून पेटली नव्हती.

१२ एप्रिलला फोर्ट स्टिकीन मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, पहिल्या नंबरच्या धक्क्याला लागली.

शांततेच्या काळात दारूगोळ्याच्या बोटीला गोदीत येऊ देत नसत. तिने बाहेर बंदराच्या पाण्यात नांगर टाकावा आणि माल पडावांत उतरवून न्यावा, असा शिरस्ता होता. अंगावर दारू असल्याची खूण म्हणून लाल बावटा लावावा, हाही रिवाज होता. युद्धात बोटी फार, धक्के थोडे आणि सैन्याला मालाची घाई. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून जपानी फौजा आत आल्या होत्या. कोहिमाची लढाई त्याच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली होती. म्हणून शिरस्ता ढिला करण्यात आला. फोर्ट स्टिकीन सरळ आत आली. तिच्यावर लाल बावटा नव्हता. आजूबाजूच्या बोटींना आपल्या शेजारी काय उभे आहे याची कल्पना नव्हती. स्फोटके उतरवून घ्यायला पडाव वेळेवर आले नाहीत. आधी मासळीचे खत आणि असाच इतर माल निघू लागला. चौदा तारखेची दुपार झाली तरी दारूगोळ्याचा मोठा साठा बोटीच्या पोटातच होता.

१४ एप्रिल १९४४, वार शुक्रवार.

दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या बोटींवरच्या काही जणांना फोर्ट स्टिकीनमधून धुराची बारीक रेघ निघताना दिसली. कुणी ओरडले नाही. ज्याची बोट तो बघून घेईल, असे प्रत्येकाला वाटले असावे. गोदीचे कामगार जेवायला गेले होते. जुम्याचा दिवस होता, मांडवी-डोंगरीच्या मशिदी त्या वेळी भरलेल्या असणार. दीडनंतर कामगारांच्या टोळ्या परतल्या, दोन नंबरच्या कोठीत उतरू लागल्या आणि त्यांना धूर दिसला. दोनच्या सुमारास आगीची वर्दी गेली.

बंब आले. आधी दोन, मग बोटीत काय आहे हे कळल्यावर आणखी. जवानांनी कोठीत पाणी सोडायला सुरुवात केली. धूर एवढा दाट की आग नेमकी कुठे आहे ते दिसेना. नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतले गेले. पण कापसाच्या गाठी पाण्यावर तरंगतात. पाणी जसजसे चढले तसतशा धुमसणाऱ्या गाठीही वर चढल्या, आणि वर कोण होते ते आपण पाहिलेच आहे. म्हणजे आग विझवण्यासाठी ओतलेले पाणीच आगीला स्फोटकांपाशी नेत होते. बोटीच्या बाजूचा पत्रा तापून रंग उडू लागला. आतले पाणी उकळायला लागले.

धक्क्यावर जाणकार माणसे जमली होती. लष्कराच्या दारूगोळा विभागाचे कॅप्टन ओबर्स्ट होते. बोट फुटली तर गोदी शिल्लक राहणार नाही, असे त्यांनी बजावले. गोदीचे प्रमुख कर्नल सॅडलर होते. बोट बाहेर समुद्रात न्यावी, असे त्यांचे मत. अग्निशामक दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स होते. बोट हलली तर पाण्याचा मारा थांबेल, म्हणून ती इथेच ठेवून आग विझवावी, असे त्यांना वाटत होते. बोटीचे इंजिन दुरुस्तीसाठी खोललेले होते, त्यामुळे ती स्वतःच्या बळावर हलूही शकत नव्हती. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर होते. पण सर्वांचे ऐकून अखेरचा हुकूम देणारा कुणी नव्हता. सुमारे दोन तास असेच गेले. या दोन तासांत गोदी रिकामी करण्याचा हुकूम निघाला नाही. शेजारच्या बोटींना सावध केले गेले नाही. बघे जमले होते, त्यांनाही कुणी हाकलले नाही.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी ज्वाळा कोठीच्या तोंडातून उसळल्या. बोट सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जवान तोवर पाणी मारतच होते. कप्तान नेस्मिथही त्यात गेले. पाण्याची भिंत उठली आणि गोदीतल्या बोटी खेळण्यांसारख्या फेकल्या गेल्या. सिंदिया कंपनीची सुमारे चार हजार टनांची 'जलपद्म' उचलली जाऊन तिचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर टेकला. चार वाजून चौतीस मिनिटांनी दुसरा स्फोट झाला. बारा किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्याच्या वेधशाळेत भूकंपासारखी नोंद झाली. पेटत्या कापसाच्या गाठी आकाशातून मांडवीच्या गोदामांवर, चाळींवर, झोपड्यांवर पडू लागल्या. सुमारे दोन चौरस किलोमीटरचा टापू पेटला. जपान्यांनी हल्ला केला, असेच शहराला वाटले.

या गोदीत आपल्या समाजाच्या आठवणीतली आणखी एक बोट होती. तिचे नाव 'अल हिंद'. १९३० च्या दशकाच्या अखेरीस वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीने हाजींच्या वाहतुकीत उतरायचे ठरवले. तोवर मुंबईहून जेद्दाहला जाणारा धंदा इंग्रजांच्या हातातल्या मोगल लाइनकडे होता. सिंदियाने 'अल मदिना' आणि 'अल हिंद' या दोन बोटी आणल्या आणि भाड्याची चुरस लागली. हाजींना दोन दिवस बरे आले. मग युद्ध आले आणि सरकारने दोन्ही बोटी सैन्याच्या कामाला जुंपल्या. १६ मार्च १९४४ रोजी बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने 'अल मदिना' बुडवली. सुमारे ३८० माणसे गेली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच मुंबईच्या गोदीत 'अल हिंद' जळाली. एक शत्रूच्या टॉर्पेडोने गेली, दुसरी आपल्याच बंदरात, आपल्याच बाजूच्या दारूने. हाजींसाठी बांधलेल्या दोन्ही बोटी महिन्याच्या आत नाहीशा झाल्या.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. तेरा बोटी गेल्या. सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळाले. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे उपाशी मेली त्याला अजून वर्ष उलटले नव्हते, त्या काळात ही राख झाली. मग धान्याचा काळाबाजार वाढला. गोदी पुन्हा चालू व्हावी म्हणून आठ हजार माणसे सात महिने राबली आणि पाच लाख टन मलबा उपसला.

सरकारने बातमीवर मात झाकण घातले. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने स्फोटाची तपशीलवार हकीकत जगाला सांगितली. मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत शहर जळत होते, पण इथल्या वर्तमानपत्रांना मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत सविस्तर छापण्याची मोकळीक नव्हती. चौकशी समिती बसली. आगीचा उगम कापसाच्या गाठींत असावा, या निष्कर्षावर ती आली. कुणीतरी टाकलेल्या जळत्या थोटकाचा संशय होता.

इथे थोडे थांबावेसे वाटते. थोटूक म्हटले की बोट आपोआप एखाद्या बिननावाच्या हमालाकडे जाते. समजा, ते खरे असेल. पण एका थोटकाने फार तर कापसाची गाठ जळते, मांडवी जळत नाही. मांडवी जळायला गाठींच्या वर स्फोटके रचावी लागतात. ती बोट वस्तीला लागून उभी करावी लागते, तिचा लाल बावटा काढावा लागतो, पडाव उशिरा पाठवावे लागतात, दोन तास कुणी निर्णय घ्यायचा नसतो आणि माणसांना पळा म्हणायचे नसते. यातले एकही काम हमालाच्या अखत्यारीतले नव्हते. ही सगळी कामे कार्यालयांत झाली, युद्धाची निकड म्हणून झाली आणि प्रत्येक कागदावर सही करणाऱ्याला आपले कारण रास्तच वाटले. सरकारने पुढे जबाबदारी मान्य केली आणि ज्यांनी मालमत्तेच्या नुकसानीचे दावे लावले त्यांना भरपाई दिली. ज्यांच्याकडे मालमत्ता होती आणि कागद होते त्यांच्यासाठी ते ठीक झाले. रोजंदारीवर ओझे वाहणाऱ्याची मालमत्ता म्हणजे त्याची पाठ. तिचा दावा कुठे लावायचा?

आता त्या मोजदादीकडे येऊ. एकशे चोवीस सोन्याच्या लगडी स्फोटात उडाल्या. एक लगड मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली. त्या भल्या माणसाने ती परत केली. बाकीच्या गाळातून, मलब्यातून शोधल्या गेल्या. शोध वर्षानुवर्षे चालला. १९७० च्या दशकातही गाळ उपसताना सोने हाती लागले. आज जवळजवळ सगळ्या लगडींचा हिशेब लागलेला आहे. किती गेल्या, किती सापडल्या, हे सांगता येते.

आणि माणसे? अग्निशामक दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याला त्यांचे स्मारक आहे, दरसाल त्यांना मानवंदना दिली जाते आणि ते योग्यच आहे. ते पळून जाऊ शकत होते, गेले नाहीत. बंबवाले धरून गोदीच्या निरनिराळ्या सेवांतली २३१ माणसे गेली, असा आकडा आहे. त्याबाहेरचे नागरिक पाचशेहून अधिक. एकूण मृत कुणी आठशेच्या वर सांगतो, कुणी तेराशे. म्हणजे दोन अंदाजांमध्ये पाचशे माणसांचे अंतर. सोन्याच्या बाबतीत पाच लगडींचे अंतर कुणी खपवून घेतले असते का? हे पाचशे कोण असतील, याचा अंदाज बांधायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. हजेरीपटावर ज्यांचे नाव नव्हते असे रोजंदारीचे हमाल, दोन बोटींच्या मधल्या दिवसांत मुंबईत थांबलेले परगावचे लोक, झोपड्यांतली बायकामुले. ज्यांना आधी कुणी मोजले नव्हते, त्यांना मेल्यावर कसे मोजणार? गावी पत्र गेले नाही, मनिऑर्डर थांबली, तेव्हा कुठे घरच्यांनी काय ते ओळखले असेल. जनाजा नाही की कबर नाही. कुठल्याही मजहबचा असो, अशा माणसाच्या मागे राहते ती फक्त वाट पाहणारी कुणीतरी.

मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांची कबर कुठेच नाही अशा हिंदुस्थानी खलाशांच्या नावांची वही तिथे जतन केलेली आहे. सुमारे साडेसहा हजार नावे. त्यांत बंगाल-सिल्हटचे आहेत, गोव्याचे आहेत आणि आपल्या खाडीकाठच्या गावांचेही आहेत. निदान त्यांची नावे तरी उरली. त्या इमारतीपासून व्हिक्टोरिया गोदीची जागा लांब नाही. गोदी मात्र आता पाहायला मिळणार नाही. या शतकात कंटेनरच्या कामासाठी व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या भर घालून बुजवण्यात आल्या. २०११ साली गाळात जिवंत तोफगोळे सापडले होते. सदुसष्ट वर्षांनंतरही फोर्ट स्टिकीनचा माल पुरता उतरलेला नव्हता.

युद्धाच्या घाईत, खर्ची पडली तरी चालेल असे समजून बांधलेल्या त्या बोटीची ही सारी कारकीर्द. तिच्या सोन्याचा हिशेब झाला, तिच्या टनांचा झाला, तिच्यामुळे बुडालेल्या बोटींचाही झाला. पुढच्या १४ एप्रिलला भायखळ्याच्या स्मारकावर फुले वाहिली जातील तेव्हा त्या साहासष्ट जवानांबरोबर या न मोजलेल्यांचीही आठवण व्हावी. मांडवीतून, डोंगरीतून जाताना आपल्यापैकी कुणी त्यांच्यासाठी फातिहा पढली तर नाव ठाऊक असण्याची अट नाही. ज्याला ते सगळे ठाऊक आहेत, त्याच्यापर्यंत ती पोचेल.